नागपुरात हॅमबर्गर खायचा तर आधी खिम्याची चौकशी करा

बर्गर नागपुरात कुठेही मिळतो. धरमपेठ, सदर, वर्धा रोड, मॉलमधलं फूड कोर्ट, संध्याकाळी लागणारे ठेले. हॅमबर्गर मात्र मोजक्या ठिकाणी मिळतो. खिमा थापायचा, कडक तापलेल्या तव्यावर किंवा जाळीवर भाजायचा आणि बनमध्ये घालायचा, हा हॅमबर्गर. ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं कटलेट वेगळं आणि चिकनचा अख्खा तुकडा तळून बनमध्ये घातलेला प्रकार वेगळा. त्या दोन्हींची चव तळणातून येते, हॅमबर्गरची चव मांस भाजण्यातून. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की मेनूतली बरीच नावं आपोआप बाजूला पडतात.

मूळ अमेरिकी हॅमबर्गर गोमांसाचा. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे निवड मुख्यतः मटण आणि चिकन यांतच करायची. मोठ्या चेनचंही तसंच. मॅकडोनाल्ड्स 1996 साली भारतात आलं तेच गोमांस आणि डुकराचं मांस वगळून, आणि इथे त्यांची ओळख झाली ती आलू टिक्कीने. बर्गर किंग 2014 साली आलं तेव्हा त्यांचा ‘व्हॉपर’ नावाचा बर्गर चिकन, मटण आणि शाकाहारी अशा तीन रूपांत होता.

चेनमध्ये जायचं ते तळलेल्या चिकनसाठी. तेलाचं तापमान, तळायची मिनिटं, सॉसचं माप, सगळं ठरलेलं असतं, म्हणून ते सहसा बिघडत नाही. पॅटी गोठवलेली येते, त्यामुळे खिमा ताजा आहे का हे काउंटरवर विचारण्यात अर्थ नाही. वेळ मात्र आपल्या हातात असते. दुपारी चारला गिऱ्हाईक कमी असतं, तयार पॅटी गरम कपाटात पडून राहते, कडा चिवट होतात आणि बन वाफेने ओलसर. संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत तोच बर्गर फ्रायरमधून थेट हातात येतो. गर्दी नसलीच तर ‘ताजं तळून द्या, थांबतो’ म्हणायचं. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या चेनना मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. ‘ग्रिल्ड’ आणि ‘क्रिस्पी’ यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. फरक नगण्य असेल तर ग्रिल्डमध्ये सॉस आणि चीज भरपूर आहे, असा अंदाज बांधता येतो.

खरा शोध स्थानिक जागांमध्ये आहे. ज्या शहरात माणसं खाटकाकडे उभं राहून सीना, चाप, कलेजी सांगून घेतात, त्या शहरात बर्गरच्या खिम्याबद्दल कोणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत: खिमा कशाचा, त्यात काय मिसळता आणि भाजता कशावर.

बोकडाचं मटण मुळात कमी चरबीचं. नुसत्या मांडीचा खिमा भाजला की पॅटी भुसभुशीत आणि कोरडी होते. खांदा किंवा सीना घेऊन, 800 ग्रॅम मांसाला 200 ग्रॅम चरबी असा खिमा काढला तर ती रसदार राहते. तो जाड जाळीतून, एकदाच काढलेला हवा. चिकनचं तसंच: नुसत्या ब्रेस्टचा खिमा असेल तर सोडून द्या, मांडीचं मांस असेल तर थांबा. उत्तर देताना आतला माणूस ‘खांदा’, ‘चरबी’, ‘जाड खिमा’ असे शब्द आपणहून वापरू लागला की ती जागा बहुतेक चांगली निघते. ‘पॅटी तयार येते साहेब’ म्हणाला तर तोही प्रामाणिकच आहे, पण मग तिथे तळलेलं खा.

मिसळण्याबद्दल. आलं-लसूण, कांदा, कोथिंबीर, अंडं, ब्रेडचा चुरा घालून मळलेला खिमा म्हणजे कबाब किंवा कटलेट. चविष्ट असेल, पण बनमध्ये तो घट्ट गोळ्यासारखा लागतो. मीठसुद्धा आधी घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात, एकमेकांना चिकटतात आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. मीठ आणि मिरपूड तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून. सावजी मसाल्याचा बर्गर मेनूवर दिसला तर मसाला खिम्यात आहे की सॉसमध्ये, हे विचारा. आधीच भाजून वाटलेला मसाला 200 अंशांच्या तव्यावर पुन्हा जळतो आणि कडवटपणा येतो. सॉसमध्ये घातला तर खसखस-खोबऱ्याचा तो गडद स्वाद शाबूत राहतो.

तवा दिसत असेल तर दोन मिनिटं बघत उभे राहा. चांगल्या ठिकाणी तव्यावरून हलका धूर निघत असतो, खिम्याचा गोळा टाकला की जोरात चर्र आवाज होतो आणि कडेने पटकन तपकिरी जाळी धरते. तवा थंड असला तर आवाज मंद, भोवती पाणी साचतं आणि पॅटी स्वतःच्याच पाण्यात शिजून राखाडी होते. 60-70 ग्रॅमचा गोळा पहिल्या अर्ध्या मिनिटात जोर लावून चपटा करणं बरोबर, त्याने कुरकुरीत पापुद्रा येतो. नंतर उलथन्याने पुन्हापुन्हा दाबणारा स्वयंपाकी मात्र रस तव्यावर सांडतोय. जाड पॅटी असेल तर कच्ची 120 ते 150 ग्रॅम हवी, बनपेक्षा सेंटीमीटरभर रुंद आणि मध्ये थोडी दाबलेली, कारण भाजताना ती आकसते आणि मधोमध फुगते.

बर्गर आला की सुरीने मधोमध कापा. छेदात खिम्याचे दाणे वेगवेगळे दिसले, मध्ये बारीक फटी असल्या आणि त्यांत ओलसर चकाकी असली तर काम चोख झालंय. छेद गुळगुळीत, एकसारखा आणि बोटाने दाबल्यावर परत उसळणारा असेल तर पॅटी कारखान्यातली किंवा जास्त मळलेली. चिकनमध्ये मधोमध कच्चेपणा वाटला तर सरळ परत द्या. चिकनचा खिमा आत 74 अंशांपर्यंत शिजायलाच हवा. मटणाच्या खिम्यालाही 71 अंश लागतात, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत पोचतात. ‘मिडियम रेअर’चा, म्हणजे आतून अर्धकच्च्या पॅटीचा, आग्रह धरू नये, मे महिन्यात तर नाहीच.

नागपूरच्या उन्हाळ्यात बनवर खास लक्ष ठेवावं लागतं. 45 अंशांच्या कोरड्या हवेत सकाळी आलेला बन दुपारपर्यंत कडेला तडकतो. वरून बोटाने दाबा: हळूहळू वर आला तर ताजा, खड्डा तसाच राहिला किंवा चुरा पडला तर शिळा. आतल्या बाजू लोण्यावर भाजलेल्या हव्यात. नुसता कोरडा बन रस शोषून तिसऱ्या घासाला फाटतो. भाजलेल्या थरावर मेयो, त्यावर लेट्यूसचं पान, मग पॅटी, हा क्रम योग्य, कारण चरबीचा थर पाणी अडवतो. टोमॅटो थेट खालच्या बनवर ठेवला की तळ भिजतो. उन्हाळ्यात मलूल आइसबर्ग लेट्यूसपेक्षा बारीक चिरलेली कोबी कधीही चांगली. मेयो मात्र उघड्या भांड्यात तव्याशेजारी ठेवलेलं दिसलं तर ‘सॉस नको’ म्हणा, विशेषतः ते अंड्याचं असेल तर.

चीज प्रोसेस्ड स्लाइसचंच हवं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यातल्या क्षारांमुळे चरबी आणि पाणी वेगळं होत नाही, म्हणून ती एकसंध वितळते. पॅटी तव्यावर असतानाच स्लाइस टाकून वर झाकण ठेवतात का, तेवढं बघा. कोमट पॅटीवर नंतर ठेवलेली स्लाइस प्लास्टिकच्या चकतीसारखी बसून राहते. काही स्वस्त स्लाइस वनस्पती तेलाच्या असतात. पाकीट समोर असेल तर त्यावरची नावं वाचा.

शाकाहारी मंडळींनी हॅमबर्गरचा हिशेब लावू नये. आलू टिक्की किंवा पनीर कुरकुरीत आणि गरम असलं की झालं.

घरी मागवायचं असेल तर खिम्याचा बर्गर पंधरा मिनिटांच्या अंतरावरूनच मागवा. बंद डब्यात वाफ साचते आणि बन ओला होतो, म्हणून सूचनेच्या जागी ‘सॉस आणि टोमॅटो वेगळे, डबा किंचित उघडा’ असं लिहा. घरी आल्यावर बन उघडून आतल्या बाजू तव्यावर अर्धा मिनिट फिरवा, पॅटी त्याच तव्यावर झाकून मिनिटभर ठेवा आणि मग सॉस लावून एकत्र करा. मायक्रोवेव्ह वापरलात तर बन चामड्यासारखा होईल, पॅटीचा रसही जाईल.