चाळिसांची टोळी मागे फिरली

माकडांच्या टोळीमागे चालणं हेच माझं काम. दर पंधरा मिनिटांनी टोळी कुठे आहे ते जीपीएसवर नोंदवायचं, कोण काय खातंय ते लिहायचं आणि टोळी झोपायच्या झाडावर चढली की परतायचं. महिनोन् महिने साठलेल्या या ठिपक्यांतून टोळीचं वावरक्षेत्र नकाशावर दिसू लागतं. ठिपके सर्वांत दाट असतात तो त्याचा गाभा.

तेव्हा माझ्याकडे शेजारशेजारच्या दोन टोळ्या होत्या. थोरली चाळिशीच्या घरातली, धाकटी जेमतेम पंधरांची. थोरलीचं क्षेत्र अर्थातच मोठं. फळांचं झाड पंधरा जणांना सकाळभर पुरतं. चाळीस जण ते बघता बघता साफ करतात आणि पुढचं झाड शोधायला निघतात. खाणारी तोंडं वाढली की पायपीट वाढते. पानं खाणाऱ्या माकडांत हे नातं बरंच सैल असतं, फळांवर जगणाऱ्यांची मात्र सुटका नसते.

त्या दिवशी थोरली टोळी सरळ धाकटीच्या गाभ्यात शिरली. तिथला उंबर पिकला होता आणि धाकटी टोळी त्यावरच बसली होती. संख्या पाहता निकाल ठरल्यासारखाच होता.

पोटाशी पिल्लू असलेली एक मादी खालच्या फांदीवर आली. कान मागे, भुवया वर, तोंड उघडं. तिच्या मागोमाग बाकीच्या माद्या, नर, अर्धवट वाढलेली पोरंसुद्धा उतरली आणि फांद्या गदागदा हलवू लागली. समोर थोरलीतले चार-पाच नर तेवढे पुढे आले होते. उरलेली टोळी मागे कुणी उवा काढत, कुणी गवताच्या बिया वेचत बसलेली. पुढचा एक नर सारखा मान वळवून मागे बघत होता. मागून कुणीही उठलं नाही. थोड्या वेळाने तोच पहिला फिरला, मग बाकीचे.

पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरच्या कॅपुचिन माकडांच्या अभ्यासात २००८ साली हेच आकड्यांत मांडलं गेलं. टोळीत प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक माकड जास्त असलं की जिंकण्याची शक्यता १० टक्क्यांनी वाढत होती. पण स्वतःच्या क्षेत्राच्या केंद्रापासून १०० मीटर दूर गेलं की ती ३१ टक्क्यांनी घटत होती. मी हे आकडे वाचले होते, पण त्यांचा अर्थ मला त्या नराच्या मागे वळणाऱ्या मानेत दिसला. मोठ्या टोळीत प्रत्येकाला वाटतं, लढायला दुसरे आहेतच.

थोरली टोळी मग उंबराला भलामोठा वळसा घालून गेली आणि अंधार पडेस्तोवर चालतच राहिली. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांमध्ये ११ वर्षांच्या नोंदींतून २०१५ साली असं दिसलं, की मध्यम आकाराच्या टोळ्यांचा वावर सर्वांत काटकसरीचा असतो आणि त्यांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाणही सर्वांत कमी असतं. त्या संध्याकाळची थोरलीतली दमलेली पिल्लं पाहून मला ते मनापासून पटलं.

धाकटीचंही सगळं सोपं नाही. दोन्ही टोळ्यांच्या सामाईक पट्ट्यात गाठ पडली, तर हीच पिल्लूवाली मादी थोरलीचे आवाज ऐकताच वाट बदलते, आणि तिकडची फळं थोरलीला जातात.