पीएच ४.८

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस शिकवते. आपल्याकडे ज्याला गृहविज्ञान म्हणतात तेच, पण विद्यार्थी अगदी वेगळे. दिवसभर शेतात, पॅकिंग शेडमध्ये किंवा लोकांच्या घरची साफसफाई करून संध्याकाळी वर्गाला येणारे. नुकतीच शाळा संपवलेला मुलगा आणि पन्नाशीची बाई एकाच ओट्याशी उभे असतात. त्या बाई मेक्सिकोतून आलेल्या. मी त्यांना सेन्योरा (स्पॅनिशमध्ये बाईसाहेब) म्हणते, त्या मला माएस्त्रा (शिक्षिका) म्हणतात.

अन्नसंरक्षणाच्या प्रात्यक्षिकाला मी सगळ्यांना घरी बरणीबंद केलेलं काहीतरी आणायला सांगितलं होतं. कुणी जॅम आणला, कुणी व्हिनेगरमधल्या काकड्या. सेन्योरांनी साल्साच्या तीन बरण्या आणल्या. भाजलेले टोमॅटो, पोब्लानो मिरच्या, कांदा, लसूण, वरून लिंबू. तीन वेगवेगळ्या घाण्यांच्या, कारण मीच तसं सांगितलं होतं. एका बरणीवरून काहीच कळत नाही.

पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितका पदार्थ आंबट. तो मोजणारा पीएच मीटर ही आमच्या प्रयोगशाळेतली माझी सगळ्यात लाडकी वस्तू. पर्किन्स कायद्याखाली व्यवसायशिक्षणाला केंद्राचा निधी मिळतो, त्यातून ती घेतली. ती नीट वापरणं हे खरं कसब आहे. आधी ७ आणि मग ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, बुडवून मीटर लावून घ्यायचा. दर वेळी डिस्टिल्ड पाण्याने इलेक्ट्रोड धुवायचा आणि टिश्यूने नुसता टिपायचा, चोळायचा नाही. बरणीतला नुसता रस मोजून भागत नाही. रस आंबट असतो आणि मिरचीचा तुकडा आतून तसा नसतो. म्हणून सगळं मिक्सरमधून एकजीव करायचं, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं आणि मगच आकडा वाचायचा. तेलाचा थर इलेक्ट्रोडवर चढला तर आकडा भरकटतो. घाई करणारी मुलं इथेच चुकतात.

सेन्योरांची पहिली बरणी ४.२. दुसरी ४.४. तिसरी ४.८. मी इलेक्ट्रोड धुऊन, बफर पुन्हा तपासून तिसरी परत मोजली. ४.८.

आमच्या धंद्यात ४.६ ही रेघ आहे. तिच्याखाली बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकत नाही. वर गेलात की त्याला बंद, हवा नसलेली बरणी म्हणजे आयतं घर. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना ११६ अंश लागतात आणि तेवढं तापमान प्रेशर कॅनरशिवाय (बरण्यांसाठीच्या मोठ्या प्रेशर कुकरशिवाय) मिळत नाही. सेन्योरा गरम साल्सा भरून बरणी उलटी ठेवत. थंड होताना झाकण टक् करून आत बसलं की माल पक्का, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. ते झाकण बसतं ते आतली हवा गेल्यामुळे, आणि त्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. हे मी त्यांना समजावत होते तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, बरणीकडे होतं.

फरक पडला होता लिंबामुळे. त्या लिंबं चवीनुसार पिळत. लिंबाचा आंबटपणा झाडागणिक, हंगामागणिक बदलतो. म्हणूनच टोमॅटोच्या पाककृतींत बाटलीतला लिंबूरस घालायला सांगतात, क्वार्टभर, म्हणजे साधारण लिटरभर, बरणीला दोन मोठे चमचे. त्याची आम्लता ठरलेली असते. (मराठी वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. कैरीच्या लोणच्यात कैरीच आंबट असते, वर भरपूर मीठ, त्यामुळे आपल्या आज्या निभावून गेल्या. पण सोललेला लसूण नुसता तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं हा धोका आहे. तो फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.)

सेन्योरांनी एकच प्रश्न विचारला. "माएस्त्रा, या घाण्यातल्या बाकीच्या बरण्या मी विकल्यात." चर्चमधल्या बायकांना, मुलीच्या फीसाठी. खरं तर तो प्रश्न नव्हताच.

२०१५ साली ओहायोत लँकेस्टरला चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे घरी बरणीबंद केलेले, प्रेशर कॅनरशिवाय, नुसत्या उकळत्या पाण्यात. २९ जणांना बॉट्युलिझम झाला, एक बाई दगावली. हे प्रकरण मी दर सत्रात शिकवते आणि सेन्योरांनी ते दोनच आठवड्यांपूर्वी ऐकलं होतं. त्यांनी ओल्या हातांनी फोन काढला. वर्गातल्या दोन मुलींनी स्पॅनिशमध्ये निरोप लिहायला मदत केली. उघडू नका, चाखून बघू नका, वास-चव बिघडलेली नसली तरी विष असू शकतं, बरणी मला परत द्या, पैसे परत मिळतील. खाल्लं असेल आणि डोळ्यांना दुहेरी दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या तर थेट इमर्जन्सीत जा. पन्नाशीच्या बाईने आपल्याच मालाबद्दल आपल्याच गिऱ्हाइकांना असं लिहायला केवढं धैर्य लागतं! मोठमोठ्या कंपन्या माल परत मागवताना वकिलांचा सल्ला घेत बसतात.

कुणालाही काही झालं नाही. बहुतेक उत्तरं अशी आली की संपली, छान होती, पुढची कधी?

तेव्हापासून माझं डोकं यातच अडकलंय. कायदा सेन्योरांच्या बाजूने नाही आणि असूही नये, हे मला पटतं. १९१९-२० साली कॅलिफोर्नियाच्या डबाबंद ऑलिव्हमुळे देशभर माणसं मेली, त्यानंतर १९२५ मध्ये इथे कॅनिंगवर राज्याची तपासणी आली. ती हवीच. २०१३ पासून घरगुती खाद्यपदार्थ विकायला परवानगी आहे, पण त्या यादीत साल्सा नाही. तो विकायचा तर कॅनरीचा परवाना, परवानाधारक स्वयंपाकघर, प्रक्रिया तपासून घेण्याचा खर्च. घरकाम करणाऱ्या बाईने हे कुठून उभं करायचं? नियम लिहिणाऱ्यांनी रेघ बरोबर ओढली, पण रेघेच्या अलीकडे यायला तिला शिडी दिली नाही.

ती शिडी म्हणजे आमचा विषय, असं मी मानते. एलेन स्वॅलो रिचर्ड्स मॅसॅच्युसेट्सचं पाणी तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ होत्या, आणि त्यांनीच या विषयाचा पाया घातला. प्रयोगशाळा घरापर्यंत नेणं हे त्यांचं काम. आमच्या डीनसाहेबांना मात्र माझी प्रयोगशाळा म्हणजे कमी पटसंख्येचा स्वयंपाकाचा वर्ग वाटते. त्यांनी आजवर एकदाही मीटरचा आकडा वाचायला ओट्याशी पाऊल ठेवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही मोजून बाटलीतला रस घालून साल्सा केला. ४.१. सेन्योरांनी चाखला आणि म्हणाल्या, सुरक्षित आहे, पण आईचा नाही. मी त्यांना आग्रह केला नाही. साल्सा त्या आता घरापुरता ताजा करतात, फ्रिजमध्ये ठेवतात.

घरगुती विक्रीच्या त्या यादीत वाळवलेली मोले पेस्ट मात्र आहे. मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं मेक्सिकन वाटण. मोले त्यांच्या घरचा, अनेक तऱ्हेच्या मिरच्यांचा. सध्या वर्ग सुटल्यावर आम्ही लेबल तयार करतोय. त्यावर 'घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले' हे ठळक छापावं लागतं आणि सगळे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. यावर त्या अडल्या, म्हणजे आईचं प्रमाण सगळ्यांना कळणार? प्रमाण लिहायचं नसतं, नुसता क्रम, हे मी नियम उघडून दाखवलं. मग त्यांनी पहिली मिरची लिहिली. ती कुठली, ते मात्र लेबल छापून झाल्यावरच वाचा.