लाल महाल ते सिंहगड मावळ्याच्या वेशात: भाड्याचे जोडे घालून जाऊ नका

आयोजकांच्या मेसेजमध्ये "सोपा नाईट ट्रेक, कोणीही करू शकतं" असं होतं आणि वेशभूषेच्या दुकानदाराने "साहेब, याच जोड्यांवर लोक गड चढतात" असं छातीठोकपणे सांगितलं. दोन्ही साफ खोटं. पुढच्या चैत्रात कोणी जाणार असेल तर त्यांनी हे वाचूनच तयारी करावी म्हणून लगेच लिहितोय, पायाचे फोड अजून ओले आहेत.

कल्पना मात्र एक नंबर आहे. 5 एप्रिल 1663, चैत्र शुद्ध अष्टमी, रमजानचा महिना, महाराज लाल महालात शिरले, शाहिस्तेखानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला आणि महाराज सिंहगडाकडे निसटले. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पोत, म्हणजे कापडी मशाली, बांधून मोगलांना चकवलं असंही सांगतात. तर त्याच तिथीला, त्या काळच्या कपड्यात, लाल महालापासून निघून कात्रजमार्गे डोंगरधारेने सिंहगड गाठायचा. लाल महालाची आत्ताची इमारत महापालिकेने अलीकडे बांधलेली आहे आणि कात्रज-सिंहगड ही धार आजच्या ट्रेकर लोकांची वाट आहे, तिच्यावर महाराजांची वाट म्हणून शिक्का मारू नका. पण तिथी पाळण्यात दम आहे. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि मग जो काळोख पडतो त्यात उभं राहिलं की तो छापा याच रात्री का जमला असेल ते अंगावर येतं.

लाल महाल ते कात्रज चालू नका. सातारा रोडवर डांबर, हॉर्न आणि धूर सोडून काही नाही, पाय तिथेच संपतात. तिथे मुजरा करा, फोटो काढा आणि गाडीने कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी उतरा, वाघजाईच्या देवळापासून चढायला लागा.

आता उतार. चढायचं काही नाही हो, चढ कोणीही चढतं. इथे टेकडी चढली की लगेच खिंडीत उतरायचं, अशा डझनभर तरी टेकड्या, आणि एप्रिलमध्ये गवत वाळून माती सुटी झालेली, वर बारीक मुरूम, नुसता घसारा. त्यात भाड्याचे जोडे म्हणजे गुळगुळीत सपाट तळ, पकड शून्य. एका खिंडीत उतरताना आमच्यातल्या एकाच्या जोड्याचा तळच सुटला, बॅटरीच्या उजेडात बघितलं तर चामड्याच्या पातळ थराखाली चक्क पुठ्ठा, घामाने भिजून लगदा झालेला. तो गडी बसून बसून खाली आला, तलवारीचं म्यान दोन पायांत अडकलेलं, सॅटिनचा अंगरखा करवंदीच्या जाळीत काखेपासून फाटला. आणि या सेटचं भाडं एका रात्रीचे बाराशे, वर फाटला म्हणून डिपॉझिटमधून आठशे कापले! ही सरळ लूट आहे. पुठ्ठा निघाला त्याचं काय विचारलं तर "ते नाटकासाठी असतात" म्हणे, मग देताना गडाचं नाव कशाला घेतलंत?

तेवढ्या पैशात मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, आणून अंगरखा शिवून होतो. साडेचार-पाच मीटर कापड घ्या, बटण-वेल्क्रो नको, बंदच लावा, खाली सुती सुरवार घोट्याला घट्ट, कमरेला शेला दोन-तीन वेढे कसून. सुती कपडा घाम पितो, काट्यात अडकला तरी सुटतो. शिवायच्या आधी पुण्यातल्या केळकर संग्रहालयात जाऊन जुने कपडे आणि हत्यारं नीट बघून या, सिरीयल बघून शिवू नका. पायात जाड चामड्याच्या वहाणा, खाली टायरचा सोल मारून घ्या आणि महिनाभर आधीपासून वापरा. टायर त्या काळी नव्हता म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना घसाऱ्यावर पुढे चालू द्या.

तलवार बोथटच न्या. 9 इंचांपेक्षा लांब धारदार पातं शस्त्र कायद्यात येतं, आणि बोथट असली तरी रात्री रस्त्यावर पोलिसांना ते कळणार नाही, तेव्हा आधी चौकीत लेखी कळवा आणि गाडीत कापडात गुंडाळून ठेवा. डोंगरात ती पाठीवर बांधा, कमरेला नको. लोखंडी ढाल घरी ठेवा.

मशाल अजिबात पेटवायची नाही, कितीही मोह झाला तरी. गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी म्हणजे वणवा. आमच्यात दोघांनी पोत आणले होते, त्यांना आम्ही पेटवू दिले नाहीत, त्यावरून बरीच वादावादी झाली आणि मी परत तेच करीन.

पाणी वाटेत नाही. माणशी चार लिटर, बाटल्यांना गोणपाटाचं कव्हर शिवा. भाकरी, कांदा, गूळ-शेंगदाणे पुरतात.

पहाटे गार वाऱ्यात, उजवीकडे पुण्याचे दिवे, डावीकडे खेड शिवापूरकडचा हायवे आणि समोर गडावरच्या टॉवरचा लाल दिवा. तेव्हा एकाने गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, म्हणायला सुरुवात केली आणि सगळे ताठ उभे राहिले. मी आत्ता थकून मेलोय पण त्या पाच मिनिटांसाठी परत जाईन, आणि तुम्हीही जाच.

फक्त परतीची गाडी आधी ठरवा. धार संपून घाटरस्त्याला लागलात की वेश बघून जीपवाले तिप्पट सांगतात, आम्हाला खाली पायथ्यापर्यंत माणशी दोनशे मागितले. देऊ नका. डांबरी रस्त्याने खाली चालत या, पायथ्याला स्वारगेटची बस मिळते, मात्र तलवारी ठरवलेल्या गाडीनेच पाठवा.