घाटावरून आलो, म्हणजे कुठून?

आमच्या घरात पणजोबांविषयी एकच वाक्य शिल्लक होतं. ‘आपण मूळचे खामगावचे नाही, माझे वडील घाटावरून आले.’ आजोबा एवढंच सांगायचे. ते वऱ्हाडातल्या खामगावहून रेल्वेच्या नोकरीपायी ठाण्याला आले, इथेच संसार केला, इथेच गेले. ते वाक्य बाबांकडे आलं आणि बाबांकडून माझ्याकडे. पणजोबांचं गाव कोणतं, त्यांच्या वडिलांचं नाव काय, मागे कुणी भाऊबंद राहिले का, कुणालाच सांगता येत नव्हतं.

ठाण्यात ‘घाटावरचे’ म्हटलं की सह्याद्रीच्या पलीकडचे, पुणे-साताऱ्याकडचे. आम्हीही तसंच धरून चाललो. बाबांना तर खात्रीच होती, कारण आमचं आडनाव साताऱ्याकडे सापडतं. ते पाच-सहा जिल्ह्यांत आणि तीन-चार जातींत सापडतं, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही, हे मला उशिरा कळलं. तीन वर्षं मी त्या दिशेला घालवली. पुण्याच्या अभिलेखागारातही जाऊन बसले. तिथे शेजारच्या टेबलावर वाचत बसलेल्या एका वयस्कर अभ्यासकांनी विचारलं, “तुमची माणसं वऱ्हाडातली ना? मग पेशवे दफ्तरात काय शोधताय?” त्यांचं बरोबर होतं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होतं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि मुंबई राज्यात आलं ते थेट १९५६ साली. पणजोबांच्या काळातले तिकडचे कागद पुण्यात असायचं काही कारणच नव्हतं.

त्याच काळात एकदा नाशिकला रामकुंडावरही जाऊन आले. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी असतात, हे ऐकून होते. गुरुजींनी आडनाव विचारलं, मग गाव. मी खामगाव सांगितलं. त्यांनी खामगावची चोपडी काढून अर्धा तास पाहिली आणि म्हणाले, “तुमचं घर यात नाही. मूळ गाव कळलं की या.” मूळ गावासाठीच तर मी त्यांच्या दारात उभी होते. फार हिरमुसले त्या दिवशी.

खरं काम सुरू झालं ते आजोबांच्या लोखंडी ट्रंकेपासून. तळाशी जुन्या पंचांगात दुमडलेला एक स्टॅम्पपेपर होता. वर पंचम जॉर्जचा शिक्का आणि खाली सगळी मोडी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. कुणाकडून वाचून घेता आलं असतं, पण हा कागद मला स्वतःला वाचायचा होता. पुराभिलेख विभागाच्या मोडी प्रशिक्षण वर्गाला नाव घातलं. अक्षरं ओळखायला आठवडा पुरला. ओळी वाचता यायला वर्ष गेलं, आणि रोज रात्री एक पान गिरवत राहिले म्हणून तेवढ्यात तरी जमलं.

तो कर्जरोखा होता, १९१५ सालचा. पणजोबांनी एका सावकाराकडून घेतलेलं कर्ज. सुरुवातीलाच पणजोबांचं नाव, मग ‘वल्द’ आणि पुढे आणखी एक नाव. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आपल्याकडच्या जुन्या कागदांत ‘बिन’ असतं तसं वऱ्हाडात ‘वल्द’, आणि बायकोसाठी ‘जौजे’. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक दिवस मी ‘वल्द’ हे आडनाव समजत होते. म्हणजे खापरपणजोबांचं नाव इतकी वर्षं आमच्याच ट्रंकेत होतं. त्यापुढे तीन शब्द होते: ‘हल्ली वस्ती खामगाव’. त्या ‘हल्ली’वर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं की हा माणूस इथला नाही. कुठला, ते मात्र त्याने लिहिलं नव्हतं.

मग खामगावला गेले. मुंबई-नागपूर मार्गावर जलंबला उतरायचं. तिथून खामगावला रेल्वेचा फाटा जातो, १८७० सालचा, कापसासाठी टाकलेला. तेव्हापासून खामगाव म्हणजे सरकी काढायचे जिन, रुई दाबायचे प्रेस आणि कापसाच्या गाठी. आजोबांच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर बघायला मिळावं म्हणून आधीच रीतसर अर्ज दिला होता. सोबत आजोबांचा दाखला आणि माझं नातं दाखवणारे कागद जोडले होते. आजोबांची नोंद सहज सापडली. १९१९ साली दाखल, वडिलांचा धंदा ‘जिनमध्ये मजुरी’, जन्मतारीख १ जून १९१२. ही १ जून दिसली की तारखेवर विसंबू नये. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, खरी तारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. वर्षही अंदाजाचंच असतं. त्यामुळे पुढे मी प्रत्येक नोंद दोन-तीन वर्षं मागेपुढे धरूनच शोधली.

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात रजिस्टर सांभाळणारे शिपाईकाका म्हणाले, “ताई, घाटावरचे काय तुम्ही?”

मला क्षणभर कळेना, यांना कसं ठाऊक! म्हटलं, “हो, म्हणजे साताऱ्याकडचे असू बहुतेक.”

“सातारा कशाला? घाटावर म्हणजे आपलं चिखली, मेहकर. इथून घाट चढला की आलंच.”

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावर आणि घाटाखाली. मधून अजिंठ्याचे डोंगर जातात. चिखली, मेहकर, देऊळगावराजा, सिंदखेडराजा घाटावर. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. तिथे शाळकरी पोरसुद्धा याच शब्दांत बोलतं. आजोबा खामगावात वाढले, ते खामगावच्याच भाषेत बोलत होते. आम्ही ते ठाण्यात बसून ऐकलं आणि आमचा घाट त्यांच्या तोंडी घातला. तीन वर्षं चुकीचा डोंगर चढत होते मी. बाहेर येऊन बाबांना फोन केला, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

शिपाईकाकांनी आणखी एक गोष्ट सुचवली, आणि तीच मोलाची ठरली. “आजोबांच्या नावानं पाहून झालं. आता त्यांच्या वडिलांच्या नावानं पाहा. मोठा भाऊ असला तर आधीच्या बुकात असंल.” आजोबा एकुलते एक, असंच आम्ही समजत होतो. तरी १९१० पासूनचं आधीचं रजिस्टर उघडलं आणि फक्त वडिलांच्या नावाच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले. १९१४ च्या पानावर पणजोबांचं नाव आलं. मुलगा सात वर्षांचा. जन्मगावाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘शेलगांव’. त्याच ओळीत उजवीकडे, शाळा सोडल्याच्या रकान्यात नोव्हेंबर १९१८ आणि कारणाच्या जागी एकच शब्द, ‘मयत’.

ती इन्फ्लुएंझाची साथ होती. त्या पानावर आणि पुढच्या पानावर मिळून तोच शब्द, त्याच शाईत, आणखी पाचदा होता. मी मोजले. अकरा वर्षांचा एक चुलत आजोबा आम्हाला होता आणि आजोबांनी आयुष्यात एकदाही त्याचं नाव काढलं नव्हतं. तेव्हा ते स्वतः सहा वर्षांचे होते. त्यांना तो आठवतच नव्हता, की आठवत होता म्हणूनच बोलले नाहीत, हे आता कुणाला विचारणार? पण त्या एका ओळीने सगळं जुळवलं. थोरला १९०७ च्या सुमारास शेलगावला जन्मला, धाकटा १९१२ मध्ये खामगावला. म्हणजे घर घाट उतरलं ते या पाच वर्षांत.

आता प्रश्न होता, कोणतं शेलगाव? मोताळ्याकडे शेलगाव बाजार आहे, पण ते घाटाखाली, म्हणून आजोबांच्या वाक्यावर भरवसा ठेवून मी ते बाजूला काढलं. चिखली तालुक्यात शेलगाव आटोळ आणि शेलगाव जहागीर. मेहकर तालुक्यात शेलगाव देशमुख. पुढचं नाव गुरुजींनी लिहिलंच नव्हतं.

जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीला कोतवाल बुक म्हणतात, सरकारी भाषेत गाव नमुना १४. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर हे गठ्ठे सोडले गेले. एरवी कुणी हात न लावणाऱ्या वह्या त्यामुळे फडताळातून बाहेर आल्या, काही स्कॅनही झाल्या. तरी माझं काम सुखासुखी झालं नाही. एका कार्यालयात अर्ज दोनदा गहाळ झाला. तिसऱ्यांदा दिला तो पोच घेऊन, गावाचं नाव, वर्षं आणि नमुना क्रमांक स्पष्ट लिहून. ‘पूर्वजांची माहिती मिळावी’ असा मोघम अर्ज केला तर कुणालाच काही शोधता येत नाही, हे त्यांच्या बाजूनेही खरं आहे.

आणखी एक अडचण होती. मी मुलाच्या नावाने शोधत होते आणि कोतवाल बुकात मुलाचं नावच नसतं. बारसं व्हायच्या आतच नोंद व्हायची, त्यामुळे फक्त ‘अमक्यास मुलगा’ किंवा ‘अमक्यास मुलगी’. इथे तो कर्जरोखा उपयोगी पडला. पणजोबांचं नाव, वल्द, खापरपणजोबांचं नाव, ही तिहेरी खूण घेऊन मी १९०५ ते १९०९ ची पानं पाहिली. चिखलीकडच्या दोन्ही शेलगावांत काही नाही. शेलगाव देशमुखच्या वहीत १९०६ च्या शेवटी ती ओळ मिळाली. कडा तपकिरी झालेल्या, मधे वाळवीने गोल भोक पाडलेलं पान. भोक थांबलं होतं ते बरोब्बर नावांच्या अलीकडे. नावं दोन्ही शाबूत होती. शेवटी ‘मुलगा’.

त्या दिवशी मेहकरला शारंगधर बालाजीच्या देवळात गेले. १८८८ साली जमिनीतून निघालेली ती काळी, उंच मूर्ती समोर पाहिली आणि अंगावर काटा आला. आमच्या देवघरात आजीच्या काळापासून एक काळपट फोटो आहे. आम्ही त्याला तिरुपती समजून हात जोडत आलो. तो हा होता. याला मी पुरावा म्हणत नाही. असा फोटो कुणीही, कुठूनही आणू शकतो. बाबांना मात्र कागदांपेक्षा हेच जास्त पटलं.

मग पुन्हा नाशिक. या वेळी रामकुंडावर नुसतं ‘शेलगाव देशमुख, तालुका मेहकर’ म्हटलं आणि दहा मिनिटांत योग्य घराच्या ओट्यावर बसले होते. लाल फडक्यात गुंडाळलेली लांबट चोपडी आली. पहिली नोंद शके १८१२, माघ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ १ जानेवारी उलटल्यावर पडतो म्हणून ७९, म्हणजे १८९१. खापरपणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यात्रेला आले होते. बायकांची नावं, मुलांची नावं, आणि मुलांत तिसरे आमचे पणजोबा.

गुरुजींनी पान उलटलं. शके १८४०, फाल्गुन. म्हणजे मार्च १९१९. या वेळी पणजोबा एकटेच आले होते. ‘हल्ली खामगाव’, आणि येण्याचं कारण, थोरल्या मुलाच्या अस्थी. मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरात होतं तेच. खाली पणजोबांची मोडीतली सही, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं. मी खामगावच्या चोपडीत शोधत होते, कारण ते तिथे राहायचे. चोपडीत मात्र माणूस मूळ गावाखालीच राहतो, मग तो कुठेही जाऊन वसो. पणजोबांनीही गुरुजींना आपलं गाव शेलगावच सांगितलं होतं.

फोटो काढला, खाली आमच्या तीन पिढ्या लिहून दिल्या. त्याआधीची चोपडी आहे का, म्हणून विचारलं. “आहे, पण पावसाळी हवेत ती उघडत नाही आम्ही, पानं चिकटतात. दसऱ्यानंतर या, आणि वडिलांना घेऊन या.” बाबांनी परवाच मला मोडीची मुळाक्षरं मागितली. पहिल्या पानावर ते आपल्या आजोबांचं नाव गिरवत आहेत.