तुम्ही विचारलंत म्हणून: पोराचं डोकं आधीच भादरून पाठवू का?

अग्निवीर भरतीत नाव लागलं, रिपोर्टिंगची, म्हणजे ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायची, तारीख हातात आली की घरातली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. तिथे केस काढणारच आहेत, तर मग इथे पुण्यातच, ओळखीच्या न्हाव्याकडून गोटा करून पाठवलेला काय वाईट? पोरगा इथल्या इथे खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, सेंटरला चालला असो, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत, नाशिक रोडला तोफखान्यात नाहीतर कामठीला गार्ड्स रेजिमेंटमध्ये, उत्तर एकच. गोटा करू नका. वस्तऱ्याने तर मुळीच नको.

वस्तरा केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही खरवडतो. डोळ्याला दिसणार नाहीत अशा बारीक चिरा पडतात. त्यावर लगेच उन्हातला घाम, धूळ आणि घट्ट बसणारी टोपी. तीन-चार दिवसांत मानेवर आणि डोक्याच्या मागे केसांच्या मुळाशी पुवाच्या पुळ्या धरतात. शिवाय वर्षानुवर्षं केसांखाली झाकलेली कातडी उन्हाला सरावलेली नसते. ती भाजते, सोलवटते, आणि पोरगं पहिल्याच आठवड्यात डोकं खाजवत उभं राहतं.

त्यापेक्षा जायच्या 8-10 दिवस आधी मशीनने बारीक कट मारा. वर 3 नंबर, बाजूला आणि मागे 1 नंबर. हा नंबर मशीनला लावायच्या फणीचा. 1 नंबरला साधारण 3 मिलिमीटर केस राहतात, 2 नंबरला 6, 3 नंबरला 9 ते 10. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पोचेपर्यंत 1 नंबरचा 2 नंबर झालेला असतो. तिथला न्हावी त्याला हवं तेवढं कमी करेल. पण या 8-10 दिवसांत डोक्यावर काय काय आहे ते तुम्हाला दिसतं, आणि खरा फायदा तो आहे. कोंडा असेल तर कीटोकोनॅझोलचा 2 टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस 3 ते 5 मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवायचा. नायट्याचा गोल चट्टा दिसला तर मात्र त्वचारोगाच्या डॉक्टरांकडेच जा, कारण डोक्यातला नायटा वरून मलम लावून जात नाही, काही आठवडे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून शंका असेल तर डोकं महिनाभर आधीच तपासा. मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दिलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब नको. तिने खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. बॅरेकमध्ये उशी, टोपी, टॉवेल शेजारीशेजारी असतात. एकाचा नायटा अख्ख्या लाइनीचा व्हायला वेळ लागत नाही.

सेंटरमधला पहिला कट काही मिनिटांचा असतो. रांग मोठी, मशीन एका डोक्यावरून दुसऱ्यावर. न्हावी मशीन केसांच्या उलट दिशेने, मानेकडून टाळूकडे चालवतो. भोवऱ्यापाशी केस गोल फिरलेले असतात, तिथे चारी बाजूंनी मशीन फिरवावं लागतं, नाहीतर एक झुपका उभा राहतो. दोन भोवरे असलेल्यांना हे जास्त. मागे मानेवर सरळ रेघ ओढून चौकोन काढायचा नसतो. केस खाली खाली बारीक होत कातडीत मिसळले पाहिजेत, त्याला आपण उतार म्हणतो. चौकोनाची रेघ चार दिवसांत फुटते आणि मान घाण दिसते, उतार आठवडाभर टिकतो. सतत चालून मशीनचं पातं तापतं आणि कानामागे चटका बसतो. डोक्यावर चामखीळ, मस किंवा जुनी खोक असेल तर ती पात्यात सापडून रक्त येतं. म्हणून खुर्चीत बसतानाच त्या जागेवर बोट ठेवून सांगायचं, ‘यहाँ मस्सा है’. एवढं बोलायला कुणी लाजू नये.

पुढे साधारण दर आठवड्याला कटिंग. आठवड्यात 2-3 मिलिमीटर वाढ होते आणि टोपीच्या कडेखाली, कानावर ती लगेच डोळ्यात भरते. कल्ले कानाच्या मध्याखाली जाऊ द्यायचे नाहीत, खालची कड आडवी सरळ. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, अमावास्या, वरून अख्खा श्रावण पाळणारी घरं आहेत. पोराला हे आधी समजावून पाठवा: तिथे वार पाळता येत नाही.

केसांपेक्षा पोरं अडतात ती दाढीत. अठरा-एकोणीसचं वय, काहींनी तोवर फक्त ट्रिमर फिरवलेला असतो, आणि तिथे रोज गुळगुळीत दाढी लागते, सुटीच्या दिवसाखेरीज. म्हणून महिनाभर आधीपासून घरी रोज सराव हवा. गाल एक-दोन मिनिटं पाण्याने भिजवायचे. वाटाण्याएवढं क्रीम, ब्रश गोल फिरवत फेस केसांच्या मुळापर्यंत. डाव्या हाताने कातडी ताणायची आणि केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेने दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारायचे, दाब न देता. पुन्हा फेस, मग आडवा हात. उलटा हात मारू नका. त्याने दाढी गुळगुळीत होते खरी, पण कापलेलं टोक कातडीच्या आत जातं, आणि केस कुरळे असले की ते आतच वळून गळ्यावर लाल गाठी येतात. अशांना चार-पाच पात्यांच्या रेझरपेक्षा एका ब्लेडचा चांगला. ब्लेड पाच-सहा दाढ्यांनंतर बदलायचं.

राहून जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: नाकाच्या खाली, ओठांचे कोपरे, जबड्याची खालची कड, कानाच्या पाळीजवळ आणि कंठमण्याच्या दोन्ही बाजू. सकाळच्या तिरप्या उन्हात उस्तादांना, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांना, तिथलेच खुंट दिसतात. दाढी झाली की डोळे मिटून या पाच जागांवर बोट उलटं फिरवायचं, आरशापेक्षा बोट जास्त सांगतं. वेळ वाचवायला रात्रीच दाढी करून झोपणं विरळ दाढीवाल्याला चालतं, दाट काळ्या दाढीची सावली पहाटेपर्यंत परत येते. शेवटी गार पाणी आणि तुरटी. रेझर, ब्लेड, तुरटी यातलं काहीही दोस्ताला द्यायचं नाही आणि त्याचं घ्यायचं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही 7 दिवस टिकतो.

एवढी सक्ती का, हेही पालक विचारतात. शिस्त आहेच. पण गॅस मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसली पाहिजे, मध्ये खुंट आले की तिथून हवा आत शिरते. डोक्याला जखम झाली तर बारीक केसांत ती लगेच सापडते, शिवता येते. शीख जवानांचे केस, दाढी, पगडी हे नियमातच मान्य आहे. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने हवाई दलाच्या एका प्रकरणात हेच धरलं, की धर्माने केस कापायलाच मनाई असेल तरच ही सूट. मिशी ठेवता येते, मात्र कातरलेली, ओठावर न येणारी.

भिकबाळी, कानातले, हातातले दोरे घरीच उतरवून ठेवा. मुली असतील तर केस कॉलरच्या वर: कापलेले, नाहीतर अंबाड्यात जाळी आणि काळ्या पिना लावून घट्ट बांधलेले. नखं दर आठवड्याला, आणि पायाच्या अंगठ्याचं सरळ आडवं. कोपरा खोल कापला की बुटात नख मांसात रुततं.

राहिला नवस. तिरुपतीला केस द्यायचे बोलला असाल तर तिथे वस्तरा फिरणारच. ते महिनाभर आधी उरकून घ्या, म्हणजे रिपोर्टिंगच्या दिवशी डोक्यावर सेंटिमीटरभर केस आलेले असतील आणि कातडीही भरून आलेली असेल.