रडरच्या कडेची दोरी

"पेडलवरून पाय उचलले की विमानाचं नाक भटकायला लागतं." मालकांची तक्रार एवढीच होती.

विमान दोन सीटचं, लाकूड, फोम आणि फायबरग्लासचं, कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये बांधलेलं. बांधणारा आता हयात नाही. दोन हात फिरून ते ओहायोतल्या आमच्या छोट्या विमानतळावर आलं. आताचे मालक सत्तरीचे, सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले.

ऐकून नवल वाटेल, पण अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची दुरुस्ती कुणीही करू शकतो, त्याला लायसन्स लागत नाही. फक्त वर्षातून एकदा कंडिशन इन्स्पेक्शनची, म्हणजे विमान उडण्याजोगं आहे का या तपासणीची, सही लागते. बांधणाऱ्याला बांधणीच्या जोरावर तिचा परवाना मिळू शकतो, नुसतं विकत घेणाऱ्याला तसा मिळत नाही. म्हणून बहुतेकदा माझ्यासारखा ए अँड पी, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं लायसन्स असलेला, मेकॅनिक लागतो. गेल्या वर्षीची सही माझी होती, आणि म्हणूनच हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

हँगरमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. शेपूट लहान आहे, खाली एक फिन (उभं, न हलणारं पातं) लावा. मालकांना पाठीवरची निमुळती फिन हवी होती, दिसायला छान म्हणून. पण ती फिन उपयोगी पडते विमान खूप तिरपं घसरत असताना, उभं शेपूट स्टॉल व्हायच्या, म्हणजे त्याची हवेवरची पकड सुटायच्या, बेतात असतं तेव्हा. सरळ उडताना तिचा फरक जवळजवळ पडत नाही. शिवाय शेपटाकडे वाढवलेलं वजन गुरुत्वमध्य मागे नेतं. लोक आधी प्लायवूड कापतात आणि मग मोजतात, याचा मला मनापासून राग येतो.

शेपूट पुरेसं आहे का, ते मी मोजलं. उभ्या शेपटाचं क्षेत्रफळ गुणिले गुरुत्वमध्यापासूनचं अंतर, त्याला भागिले पंखांचं क्षेत्रफळ गुणिले पंखांची लांबी. उत्तर आलं 0.036. अशा विमानांना 0.04 च्या आसपास धरतात. थोडं कमी होतं, पण नाक भटकावं इतकं नाही.

मग मी स्वतः शेजारी बसलो. कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, लाल लोकरीचा धागा चिकटवला; विमान तिरपं घसरलं की तो बाजूला वळतो. तीन हजार फुटांवर, ताशी 110 मैलांना मालकांना रडर (उभ्या शेपटाचं मागचं, पेडलनं हलणारं पातं) दाबायला लावलं आणि लगेच पेडल मध्यावर आणून घट्ट धरायला सांगितलं. दोन हेलकाव्यांत धागा सरळ झाला. पुन्हा तेच, पण या वेळी पाय पूर्ण उचलून. धागा डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. नऊ हेलकावे मोजले आणि म्हटलं, बस.

शेपूटच अपुरं असतं तर पेडल धरूनही नाक असंच डोललं असतं. इथे मोकळं सोडलेलं रडरच हवेत मध्यावर थांबत नव्हतं.

खाली उतरल्यावर केबल आणि बिजागऱ्या तपासल्या. कुठे अडकत नव्हतं. मग रडरच्या मागच्या कडेजवळ पोलादी पट्टी आडवी टेकवली. तिथले शेवटचे तीन इंच सपाट हवेत. पट्टी झोपाळ्यासारखी डोलली. फिलर (लुकण) भरून, घासून कड गोल आणि फुगीर केली होती. असा फुगवटा असला की रडरला मध्यावर परत ढकलणारा हवेचा जोर कमी होतो. गेल्या वर्षी याच कडेवरून माझा हात फिरला होता, आणि मनात आलं होतं, काय गुळगुळीत काम आहे.

तो जोर परत आणायला तीन मिलिमीटरची नायलॉनची दोरी कडेच्या दोन्ही बाजूंना, अठरा-अठरा इंच, टेपनं बसवली. दोरी जेमतेम काही ग्रॅमची, तरी रडरचा बॅलन्स पुन्हा तपासला, कारण फ्लटर, म्हणजे वेगात पात्याला सुटणारी घातक थरथर, अशा जागी सूट देत नाही. हा मोठा बदल धरून विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात घातलं. किमान पाच तास, आणि तेही एकट्यानं. मालक कुरकुरले. पत्नीला घेऊन जायचा बेत होता त्यांचा. मी ऐकलं नाही.

पहिल्या फेरीनंतर इंजिन बंद करून ते तसेच बसून राहिले. "टाचा जमिनीवर ठेवून आलो," म्हणाले. दोन वर्षं हा माणूस मांड्या ताठ ठेवून उडत होता.

मग दोरी कायमची चिकटवायला रंग घासला. रंगाखाली फिलर, आणि फिलरखाली जुन्या डिंकाची एक सरळ पिवळट रेघ, बरोबर अठरा इंच नसेल, पण त्याच जागी. दुसऱ्या बाजूलाही तशीच.

म्हणजे बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं. त्याची दोरी पुढे कुणीतरी, बहुधा नवा रंग देताना, काढून टाकली. लॉगबुक पहिल्या पानापासून चाळलं. ना लावल्याची नोंद, ना काढल्याची.

मी अर्धं पान लिहिलं: दोरीचं माप, जागा, धाग्याचे हेलकावे आधी किती आणि नंतर किती. खाली लाल शाईनं, "रंगकामासाठी ही दोरी काढू नये." आणि सही केली.