नऊशे रुपयांची मोटर

रविवार, रात्री साडेदहा

आज सोसायटीच्या मीटिंगमधे मी गप्प बसले, त्याचं फार वाईट वाटतंय. झोप येईना म्हणून लिहितेय.

शुक्रवारी पाण्याची मोटर बंद पडली. आमची बारा फ्लॅटची बिल्डिंग, एक एचपीची मोटर, नुसती घूंघूं करत होती, फिरत नव्हती. वायरमन दादा आले, आवाज ऐकला, मेन स्विच बंद केला, शाफ्ट हाताने फिरवून बघितला तर मोकळा, म्हणजे बेअरिंग जाम नाही, मग कपॅसिटर (मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेला असणार. लाइट बंद केली तरी त्याच्यात चार्ज राहतो म्हणून आधी तो डिस्चार्ज केला, नवीन बसवला, मोटर चालू. पण तेवढ्यावर निघाले नाहीत. अर्थिंगची वायर बघितली तर ती गंजून तुटलेली, म्हणजे बॉडीत करंट उतरला असता तर त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती, आणि रोज पहाटे ओल्या हाताने तिथला वॉल्व फिरवतात ते आमचे वॉचमन काका! तीपण जोडून दिली. सामानासकट 900 रुपये.

मीटिंगमधे एकजण म्हणाले, "अर्ध्या तासाचे नऊशे? शिकलाय किती तो, आयटीआयच ना?" सगळे हसले आणि 600 द्यायचे ठरले. ऑडिटरची फी मात्र दोन मिनिटात मंजूर, तिथे किती तास बसलात असं कोणी विचारलं नाही.

आणि मी बीई इलेक्ट्रिकल, मला तरी कळत होतं ना त्या अर्थिंगची किंमत काय ते.

माझे बाबा टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातणारे कारागीर. आयटीआय दोन वर्षं, मग अप्रेंटिस, मग भोसरी एमआयडीसीत लेथवर 31 वर्षं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, बाबांनी कातलेल्या भागाच्या मापात 10 मायक्रॉनचाही फरक नसायचा. नवीन ट्रेनी इंजिनिअर त्यांच्याजवळ उभं राहून शिकायचे, वर्ष-दोन वर्षात त्यांचेच साहेब व्हायचे, आणि मग साहेबांचं जेवायचं टेबल वेगळं. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून बाबांनी नुसतं 'नोकरी' लिहिलं होतं. टर्नर का नाही लिहिलं विचारलं तर म्हणाले, राहू दे तेवढंच.

डिग्री वाईट असं मी म्हणतच नाहीये, मोटरचं डिझाइन करायला ते गणित लागतंच. पण हे दुखणं डिग्रीच्या आधीचं आहे. सुतार, लोहार, कुंभार यांच्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं आणि त्यांना काय, तर सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा आणि बसायला खालची जागा. हात काळे करणारा खाली, लिहिणारा वर. आता चारचौघात जात कोणी विचारत नाही, "शिकलाय किती" विचारतात, आणि आवाज अगदी तोच असतो.

संध्याकाळी बाबांना फोनवर मोटरचं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "अर्थिंग बघितलं का त्याने?" हो म्हटलं. "मग चांगला कारागीर आहे, सोडू नका त्याला." पुढचं मीटिंगमधलं सांगायला माझी जीभच रेटेना.

उद्या ऑफिसला जायच्या आधी सेक्रेटरींकडे जाणार आहे. दादांचे उरलेले 300 द्यायला लावणार आणि बिल कापायला माझा विरोध आहे हे मिनिट्समधे लिहून घ्या म्हणणार.